आमच्या चालत्या गाडीचा खून

१

“तुमची गाडी मंगळवारी वारली,” खिडकीतला कारकून म्हणाला.

मी मागे वळून बघितलं. गाडी फाटकाजवळ उभी होती. मी तिच्यातूनच आलो होतो. घाईत एका बाजूचा दिवा लुकलुकता ठेवून आलो होतो, तो अजून लुकलुकत होता.

“अहो, ती काय तिकडे उभी आहे!”

कारकुनाने मान लांब करून गाडी बघितली. मग स्क्रीन बघितला. दोघांपैकी खरं कोण बोलतंय याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

“उभी असेल. पण नोंदीत नाही. मोडीत काढलीय.”

“कोणी?”

“तुम्हीच.”

आता या गाडीच्या कागदांचं दुखणं सांगायला हवं. ती हायब्रिड, म्हणजे अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर. परदेशात कोणीतरी भरपूर वापरून कंटाळल्यावर बोटीने इकडे आली आणि मी ती घेतली. पहिल्या दिवशीच या खिडकीत विचारलं गेलं, “पेट्रोल की वीज?” मी म्हटलं, “दोन्ही.” उत्तर आलं, “दोन्ही असा रकाना नाही. घरी बोलून ठरवा.” त्यानंतर वर्षाचा घोळ. ती जिथे बनली तिथे वर्षं राजाच्या कारकिर्दीवरून मोजतात, त्यामुळे तिच्या कागदावर नुसतं ‘एकवीस’ लिहिलेलं. इथल्या कॉम्प्युटरने पुढचे दोन आकडे स्वतःच्या मनाने लावले आणि आमची गाडी एकोणीसशे एकवीस सालची झाली. कागदोपत्री ती माझ्या आजोबांपेक्षा मोठी होती. मी आज तिचं वय कमी करून घ्यायला आलो होतो. यांनी तिचं आयुष्यच आटोपलं होतं.

“शंभरी ओलांडलेली गाडी दिसली की आम्ही मालकाला फोन करतो,” कारकून समजावून सांगायला लागला. “वापरात आहे का, की मोडीत काढायची, असं विचारतो. मंगळवारी सकाळी तुमच्या नंबरवर केला. उचलला गेला. सविस्तर बोलणं झालं. काढा म्हणाले.”

“मी एक अक्षर बोललो नाही!”

“तुमचा फोन बघा.”

मी बघितला. मंगळवार, सकाळी अकरा. कार्यालयाचा नंबर. फोन उचललेला होता आणि चांगली तीनेक मिनिटं बोलणं झालं होतं.

मंगळवारी अकरा वाजता मी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत होतो.

“मेलेली गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे बरं का,” कारकून म्हणाला आणि त्याने टेबलावरची घंटी वाजवली. दोन माणसं आली, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी मागच्या आवारात ढकलत घेऊन गेली. तिथे जुन्या गाड्या चेपायचं मशीन होतं. त्याच्या जबड्यातून एक लाल गाडी चपटी होऊन बाहेर येत होती.

“आमचा नंबर कधी?” मी विचारलं.

“उद्या सकाळी. पहिलाच.”

२

घरी बायको लग्नाच्या केकचा तिसरा मजला चढवत होती. मी बातमी सांगितली. तिच्या हातातली पिशवी दाबली गेली आणि भिंतीवर क्रीमचं गुलाबाचं फूल उमटलं.

“अहो, शनिवारी चार मजले पोचवायचेत! कशातून नेऊ? डोक्यावरून?”

तिचं चूक नव्हतं. आमची गाडी बॅटरीवर निघते तेव्हा हिसका म्हणून बसत नाही. लोणी सरकावं तशी सरकते. बायकोचा सगळा धंदा त्या सरकण्यावर उभा होता. मागे एकदा गाडी दुरुस्तीला असताना माझ्या मेहुण्याने त्याच्या शोरूममधली नवीकोरी व्हॅन दिली होती. चार मजली केक दुमजली होऊन पोचला आणि साखरेचा नवरदेव खऱ्या नवरीच्या आईच्या मांडीवर जाऊन बसला. त्या घरून अजून कोणी आमच्याशी बोलत नाही.

“रडणं बंद,” दारातून आवाज आला. “चौकशी सुरू.”

सासूबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण हे निवृत्तीला अजून कोणी कळवलेलं नाही. त्यांच्या शाळेत खडू चोरणाऱ्याने स्वतःहून येऊन दोन खडू जास्त परत केल्याची गोष्ट मी लग्नाआधीच ऐकली होती, आणि तरीही लग्न केलं होतं.

त्या खुर्चीत बसल्या. मला उभं केलं.

“जावईबापू, मंगळवारी अकरा वाजता कुठे होतात?”

“आई, दाताच्या डॉक्टरकडे. तुम्ही दोघी बरोबरच होतात की.”

“आम्ही बाहेर गाडीत होतो. खिडकीखाली, सावलीत, एसी लावून. तुम्ही आत. फोन कुठे होता?”

“शर्टाच्या खिशात. आवाज बंद करून. तिथे पाटीच आहे तशी.”

“कोणाला दिलात?”

“कोणालाच नाही.”

“मग तुम्हीच बोललात.”

“आई, माझं तोंड भरलेलं होतं!”

“सगळेच असं म्हणतात,” सासूबाई उठल्या. “चला दाखवा.”

दाताचा डॉक्टर आम्हाला तिघांना एकदम बघून दचकला. एका पेशंटबरोबर दोन बायका आल्या की पैसे परत मागायला आल्या, असा त्याचा अनुभव असावा.

“हे मंगळवारी या खुर्चीत काही बोलले?” सासूबाईंनी थेट विचारलं.

“बोलतील कसे? ह्यांच्या तोंडात माझे दोन्ही हात होते. शिवाय नळी आणि कापूस. ‘आ’ सोडून एक अक्षर बाहेर आलं नाही. ‘आ’ मात्र भरपूर.”

“यांच्या खिशाला कोणी हात लावला?”

“इथे मी आणि हे, दोघंच होतो. माझे हात कुठे होते ते सांगितलं. ह्यांचे हात खुर्चीला होते. हे बघा, रेक्झिनवर नखं उमटलीत. त्याचं बिल मी लावलं नाही.”

सासूबाईंनी नखांच्या खुणांवर बोट फिरवून खात्री करून घेतली. मग खिडकीशी गेल्या, बाहेरची सावली बघितली, परत आल्या.

“म्हणजे फोन खिशात,” त्या सावकाश म्हणाल्या. “तोंड बंद.”

“उघडं,” डॉक्टर म्हणाला.

“मध्ये बोलू नका. मुद्दा असा की हे बोलले नाहीत. दुसऱ्या कोणी फोन घेतला नाही. आणि तरी या फोनवरून कोणीतरी तीन मिनिटं बोललं.”

त्यांचे डोळे चमकायला लागले होते. मला गाडीची काळजी होती, बायकोला केकची. सासूबाईंना मात्र किती वर्षांनी नीट गुन्हा मिळाला होता.

३

“फायदा कोणाचा?” सासूबाई रिक्षात बसता बसता म्हणाल्या. “गाडी मेली तर खूश कोण होईल?”

बायको आणि मी एकदमच म्हणालो, “बॅटरीवाला!”

बॅटरीवाला म्हणजे आमचा मेकॅनिक. पैसेवाल्या मामाच्या खोकल्याकडे भाचा जसा कान लावून बसतो, तसा तो आमच्या गाडीच्या बॅटरीवर लक्ष ठेवून होता. “दादा, हिचं काही बरंवाईट झालं तर बॅटरी मला,” असं प्रत्येक भेटीत सांगायचा.

आम्ही गेलो तेव्हा तो एका ट्रकखाली होता. फक्त पाय दिसत होते. सासूबाईंनी पायांची उलटतपासणी सुरू केली.

“मंगळवारी वाहन कार्यालयाशी तुम्ही बोललात?”

“कोण बोलतंय?” पाय म्हणाले.

“प्रश्न मी विचारतेय!”

पाय आत गेले, डोकं बाहेर आलं. सगळं ऐकल्यावर त्याने खरोखर कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं.

“मोडीत? अहो मावशी, ते मशीन बॅटरी बाजूला काढून ठेवतं असं वाटलं का तुम्हाला? सगळं एकत्र चेपतं! माझ्या हाताला काय लागणार, पत्र्याची पोळी? मी कशाला मारू तिला? ती आजारी राहण्यात माझा संसार आहे.”

सासूबाईंनी त्याला मनातल्या यादीतून खोडलं. ते त्यांच्या भुवईवरून कळतं.

“पण गाडी विचित्रच,” बॅटरीवाला काळं कपाळ पुसत म्हणाला. “चालू आहे की बंद, कळतच नाही. इंजिन गप्प, आणि आत सगळं जागं! परवा मी बंद समजून हात घातला तर पंखा फिरला. बोट वाचलं थोडक्यात. आणि हो, ती आतली बाई हल्ली बोलत का नाही?”

आतली बाई म्हणजे गाडीच्या स्क्रीनमधला आवाज. दार उघडलं, वळण आलं, पाऊस आला, काहीही झालं की ती स्वतःच्या भाषेत दोन वाक्यं बोलायची. स्क्रीनवरची अक्षरंही त्याच भाषेतली, घरात कोणालाच न येणारी. आम्ही चित्रं बघून बटणं दाबायचो. छपरासारखं दिसलं की नकाशा, कंगव्यासारखं दिसलं की थंड हवा.

“तिला मी गप्प करायला लावलं,” सासूबाई म्हणाल्या. “उलट बोलत होती.”

“आई, ती उजवीकडे वळा म्हणत असेल,” बायको म्हणाली.

“सुरातून कळतं मला. आवाज शून्यावर आणून ठेवलाय महिना झाला. गाडीत आता एका वेळी एकच बाई बोलते.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. कार्यालयातला कारकून होता. मी निघताना त्याला हात जोडून, त्या दिवशीचं बोलणं आठवून ठेवा, असं विनवलं होतं. त्याला तेवढ्यात एक गोष्ट आठवली होती. मी ऐकलं आणि फोन हळूच खिशात ठेवला.

“काय म्हणाला?” दोघींनी विचारलं.

माझी नजर नकळत बायकोकडे गेली.

“म्हणाला, फोनवरचा आवाज बाईचा होता.”

४

“माझ्याकडे काय बघताय?” बायको रस्त्यातच उसळली. “मी माझ्याच हाताने माझा धंदा चेपीन? चार मजले काय टोपलीतून नेणार आहे मी?”

“मी कुठे काय म्हणालो!”

“डोळे म्हणाले तुमचे!”

“शांत,” सासूबाई म्हणाल्या. “ती नाही. ती पूर्ण वेळ माझ्याशेजारी बसली होती, आणि फोन तिच्या हातात नव्हता. मी साक्षीदार आहे. जावईबापू, कारकून आणखी काय म्हणाला?”

मला सांगायचं नव्हतं. पण सासूबाईंसमोर पोटात काही ठेवता येत नाही.

“म्हणाला, आवाज दरडावणारा होता. ऐकल्यावर तो खुर्चीतून उभा राहिला. तिसरीतल्या बाईंची आठवण झाली म्हणे.”

आई आणि मुलगी एकमेकींकडे बघून एकाच वेळी म्हणाल्या, “दादा!”

माझा मेहुणा. शाळेत असताना तो आईच्या आवाजात शाळेच्या ऑफिसला फोन करून “माझा मुलगा आज आजारी आहे” असं सांगायचा. इतकं हुबेहूब की एकदा आईने स्वतःच फोन घेतला आणि स्वतःशीच “बरं बाई, काळजी घ्या” म्हणून ठेवून दिला. शिवाय आता तो नव्या गाड्या विकायचा आणि आमच्या म्हाताऱ्या गाडीला घराण्याचा कलंक म्हणायचा. हेतू होता. आवाज होता. गुन्ह्यांचा इतिहास तर सासूबाईंनी स्वतः त्याच्या पाठीवर नोंदवलेला होता.

शोरूममध्ये तो एका गिऱ्हाईकाला सनरूफ दाखवत होता. आईला दारात बघून त्याचं डोकं आपोआप सनरूफमधून आत गेलं.

“बाहेर ये.”

“आई, गिऱ्हाईक आहे...”

“त्यांनाही ऐकू दे. मंगळवारी अकरा वाजता माझ्या आवाजात कोणाला फोन केलास?”

गिऱ्हाईक आवडीने सरसावून बसलं.

“मी? शपथ आई, मी ते आठवीनंतर सोडलं! मंगळवारी अकराला आमच्या साहेबांची मीटिंग होती, सगळा स्टाफ होता, विचार कोणालाही! आणि भावजींचा फोन भावजींच्या खिशात. मी काय त्यांच्या खिशात बसून बोललो?”

“त्या गाडीशी तुझा काहीच संबंध नाही?”

“नाही! म्हणजे... रविवारी थोडा.”

“थोडा म्हणजे?”

“तुम्हाला घरी सोडताना गाणी लावायला बघत होतो. काही केल्या लागेना. एक हिरवं चित्र होतं फोनसारखं, ते दाबलं. बाजूला एक खूण आली. दुसरं काही झालं नाही. गाणी नाहीच लागली.”

“चित्रं दाबत बसायची सवय कधी जाणार तुझी!” एवढं बोलून सासूबाईंनी तो मुद्दा सोडून दिला. त्यांचं सगळं लक्ष मीटिंगवर होतं. साहेबांना विचारलं, स्टाफला विचारलं, चहावाल्यालाही विचारलं. मीटिंग झाली होती. मेहुणा तिथेच होता, पहिल्या रांगेत, झोपलेला. घोरण्याचे साक्षीदार नऊ.

संशयित संपले. शोरूमच्या काचेतून संध्याकाळ दिसत होती. गिऱ्हाईक म्हणालं, “मग खून केला कोणी?”

“उद्या सकाळी त्या कारकुनाला पुन्हा विचारायचं,” सासूबाई म्हणाल्या.

५

सकाळी मेहुण्यासकट आम्ही चौघं कार्यालयात पोचलो तेव्हा मागून मशीन गरम होण्याचा घरघराट येत होता. कारकून आज वरच्या मजल्यावर होता, तिथल्या खिडकीतून आवार दिसत होतं. आमची गाडी रांगेत पहिली. तिच्यावर खडूने फुली मारलेली. बायकोने माझा दंड असा धरला की दाताच्या डॉक्टरची खुर्ची मला आठवली.

“साहेब, ते बोलणं जसंच्या तसं सांगा,” सासूबाई कारकुनासमोर बसल्या. “तुमचा प्रश्न, तिचं उत्तर. पहिल्यापासून.”

कारकून सरळ बसला. काही माणसं सासूबाईंसमोर बसली की आपोआप हाताची घडी घालतात, तशी त्याने घातली.

“मी म्हटलं, मी वाहन कार्यालयातून बोलतोय. पलीकडून काही नाही. मी विचारलं, ती वापरात आहे का? बाई म्हणाल्या, काही उपयोग नाही तिचा. आतून पूर्ण पोखरलीय.”

“मग?”

“मी विचारलं, दुरुस्ती? बाई म्हणाल्या, दोनदा पैसे घातले. भरून घेतली. पुन्हा तेच रडगाणं.”

“गाडी काय भरून घेतात?” मेहुणा पुटपुटला.

“मला वाटलं, पत्र्याची भोकं. मग मी म्हटलं, म्हणजे काढून टाकायची का? बाई म्हणाल्या, मुळापासून काढा! ठेवूच नका!”

“तुमचे प्रश्न तिला ऐकू येत होते, हे कशावरून?” सासूबाईंनी विचारलं.

कारकून गोंधळला. “म्हणजे... उत्तरं आली ना. माझ्याकडे तीन रकाने होते, तिन्ही भरले. मी कशाला शंका घेऊ?”

“शेवटी काय झालं?”

“मालकाची संमती आहे का, हे विचारलं. त्यावर बाई जे म्हणाल्या ते मला कळलं नाही, म्हणून मी ‘होय’ लिहिलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या...” कारकुनाने डोळे मिटून आठवलं. “‘त्याला काय विचारायचंय, तो तिकडे आ वासून पडलाय.’”

खाली मशीनचा जबडा उघडला. माझ्या उजव्या गालाला हात गेला. बायकोचाही हात गेला, स्वतःच्या तोंडावर.

आणि सासूबाईंचा चेहरा... तो मी आधी कधी बघितलेला नव्हता. खडू चोरणाऱ्याचा असावा तसा.

“दाढ,” त्या म्हणाल्या.

“काय?” कारकून म्हणाला.

“ती म्हणजे दाढ! यांची दाढ! मी गाडीत बसून हिला यांच्या दाढेबद्दल सांगत होते.” त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज चढत गेला. “गाडी चालू होती, एसी होता. पण ही गाडी गप्प असते, म्हणून चालू आहे हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. गाडी चालू, म्हणजे खिडकीपलीकडच्या खिशातला फोन ब्लूटूथने तिला जोडलेला. रविवारी या दिवट्याने हिरवं चित्र दाबलं. ते कशाचं होतं? आलेला फोन गाडीने आपणहून उचलायचं! आणि आतल्या बाईचा आवाज मी शून्यावर आणलेला, म्हणून घंटा ऐकू आली नाही, तुमचे प्रश्न ऐकू आले नाहीत. पण गाडीचे कान उघडे होते. ती ऐकत राहिली. मी बोलत राहिले.”

“आई,” बायको हळूच म्हणाली, “म्हणजे...”

“म्हणजे खून मी केला,” सासूबाई म्हणाल्या. “आता ते मशीन थांबवा.”

कारकून थांबवेल असं आम्हाला वाटलं. पण त्याने नकारार्थी मान हलवली.

६

“तोंडी संमती मागे घेता येते,” तो म्हणाला, “पण ज्या फोनवरून दिली, त्याच फोनवर. समोर बोललेलं धरत नाहीत. शिवाय मॅडम, तुम्ही मालक नाही. खिशातल्या फोनवर तुमचा आवाज आला, हे मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कसं मानू?”

“बघा मग! उदाहरण सोडवूनच दाखवते.” सासूबाई जिन्याकडे निघाल्यासुद्धा. “जावईबापू, फोन खिशात आणि दोन्ही हात वर! साहेबांना दिसले पाहिजेत. पोरी, तू इथेच थांब, खिडकीत. मला आत काही ऐकू येणार नाही, तू ओरडून सांग. काहीही बदलायचं नाही. आवाज शून्यावरच.”

वयाच्या मानाने त्या अशा उतरल्या की मी मागे राहिलो. आवारातल्या माणसाकडून किल्ली घेतली, गाडीत बसल्या, काच खाली केली, बटण दाबलं. गाडी चालू झाली असावी. नेहमीप्रमाणे काहीच कळलं नाही.

मी बाजूला उभा राहिलो. फोन खिशात, दोन्ही हात आभाळाकडे.

इथे एक घोटाळा झाला. मशीनवाला वर काचेच्या खोपटात बसला होता, कानांवर जाड झाकणं लावून. त्याला गाडीतल्या सासूबाई दिसत नव्हत्या. त्याला फक्त दोन्ही हात वर करून उभा असलेला मी दिसत होतो. आणि त्यांच्या खात्यात दोन हात वर म्हणजे ‘घे खाली’.

मशीनचा लोखंडी पंजा डोक्यावरून सरकत आला.

“अरे थांब!” मी ओरडलो आणि जोरजोरात हात हलवले. त्याने अंगठा दाखवला. हात हलवणं म्हणजे ‘लवकर घे’.

“भावजी, हात खाली!” मेहुणा धावत आला.

“हात वर!” खिडकीतून कारकून ओरडला. “नाहीतर प्रयोग बाद!”

मेहुणा तसाच मशीनच्या शिडीवर चढायला लागला. वर खिडकीत कारकुनाने नंबर फिरवला. माझ्या खिशात काहीही वाजलं नाही. बायको ओरडली, “आई, लागला! बोल!”

“मी बोलतेय,” सासूबाई गाडीच्या छताकडे बघून म्हणाल्या. वरती कारकून ताडकन उभा राहिलेला मला खालून दिसला.

“तोच आवाज!” तो बायकोला म्हणाला. “आता संमती मागे का घेता, ते विचारा! कारण लागतं!”

“आई, कारण सांग!”

पंजा खाली येत होता. त्याची सावली गाडीच्या नाकावर पडली, मग काचेवर. सासूबाईंनी सावली बघितली. तरी त्यांच्या तोंडून शब्द निघेना. चाळीस वर्षं त्यांनी लोकांकडून जे म्हणवून घेतलं होतं, ते स्वतः कधी म्हटलेलं नव्हतं. माझ्या लग्नात त्यांनी हार चुकून माझ्या काकांना घातला, तेव्हासुद्धा काकांनी माफी मागितली होती.

“चूक,” त्या शेवटी म्हणाल्या.

वर कारकुनाने स्क्रीन बघितला, मान हलवली, बायकोच्या कानात काही सांगितलं. बायकोचा चेहरा पांढरा झाला. पण पंजा गाडीपासून हातभर उरला होता. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि तिने आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं वाक्य उच्चारलं:

“आई! पूर्ण वाक्यात उत्तर दे!”

सासूबाईंनी श्वास घेतला. पंजाची टोकं छताला लागली, ठण्ण. आणि त्या, पाठ ताठ, हात मांडीवर, स्पष्ट उच्चारात म्हणाल्या:

“मंगळवारी मी जे बोलले ते या गाडीबद्दल नव्हतं. माझी चूक झाली.”

कारकुनाने बटण दाबलं. वरून टाळ्या ऐकू आल्या. खिडक्याखिडक्यांतून माणसं वाकली होती. शिडीच्या टोकाला मेहुण्याने मशीनवाल्याच्या कानावरचं झाकण ओढलं आणि त्यात काय ओरडला कोण जाणे. पंजा थरथरला, थांबला, वर गेला. छतावर एक खळगा राहिला, अंगठ्याएवढा. मी हात खाली करायला गेलो. बराच वेळ त्यांना खाली येता येईना.

बायको जिना उतरून धावत आली आणि आधी गाडीला मिठी मारली, मग आईला, मग उरलेली मला.

“आई, एकदाच परत म्हण ना,” मेहुणा धापा टाकत, फोन पुढे धरून आला. “मी शिडीवर होतो. रेकॉर्ड करायचं राहिलं.”

“गाडीत बसा सगळे,” सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मशीनवाला खोपटातून खाली उतरून आला. कानांवरची झाकणं गळ्यात, तोंडावर नाराजी. मशीन एकदा गरम केलं की काहीतरी चेपल्याशिवाय बंद करता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

“बाई, हिला तर तुम्ही सोडवलंत,” तो म्हणाला. “मग आता चेपू कोणाला?”

सासूबाईंनी वळून मेहुण्याकडे बघितलं. तो फोन खिशात घालून कधीच गाडीत जाऊन बसला होता, मागच्या सीटवर, खाली वाकून.